दुर्गाबायच्या गाडीचं डावं दार

करंजवाडीत दुर्गा पेडणेकरचा आवाज चढला, की लोक आधी नळ सोडून बघत. नळाला पाणी असलं, तर भांडण दुसऱ्या कशाचं तरी आहे एवढं नक्की व्हायचं आणि मग माणसं निवांत गॅलरीत येऊन उभी राहायची.

त्या रविवारी नळाला पाणी होतं.

"कोण तो? कोणी ठोकली माझी गाडी? मर्द असेल तर समोर ये म्हणावं! बाई असेल तरी ये!"

खाली अंगणात दुर्गा कमरेला पदर खोचून उभी. शेजारी तिची पांढरी गाडी. सेकंडहँड, पण रोज पुसून पुसून अशी ठेवलेली की नव्याने लाजावं. तिच्या पुढच्या डाव्या दाराला, कडीच्या खाली, पुरीएवढा पोचा पडला होता. फार काही नाही. परातीवर कोणी बुक्की मारावी तेवढाच. पण पांढऱ्या गाडीवर तो असा दिसत होता, की बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जाईचना.

तिसऱ्या माळ्यावरून रघुवीर घैसास वाकले. वाडीच्या कमिटीचे सेक्रेटरी. यांचा पलंगच गॅलरीत. वाडीत मांजर शिंकलं तरी यांना आधी कळणार.

"दुर्गावहिनी, गाडी उभी होती की चालत होती?"

"उभी होती! काल रात्री मी आणून लावली, तेव्हा दार साफ होतं."

"रात्री दिसतं का हो तुम्हाला साफ?"

दोनचार जण हसले. रघुवीरना तेवढंच हवं असतं. ते म्हणाले, "खांबाला घासली असेल वहिनी. मनाला लावून घेऊ नका. शिकाऊ माणसाचं होतं असं."

शिकाऊ! दुर्गाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ती गाडीत बसली, दार आपटलं, चावी मारली, खटाखट गिअर टाकून गाडी खांबाच्या सावलीतून बाहेर उन्हात आणली आणि उतरून ओरडली, "या! खाली येऊन बघा! खांब असा मारतो? खांबाने घासली तर ओरखडा लांबडा येतो. हा गोल आहे, गोल! कोणीतरी दुसऱ्या गाडीने मारलाय. तुमचा तो कॅमेरा काढा बघू."

"कॅमेरा गणपतीपासून बंद आहे," रघुवीर म्हणाले. "त्याच्या वायरवर तोरण लावलं होतं ना."

पुन्हा हशा.

एवढ्याशा पोच्यासाठी एवढा तमाशा का, असं वाडीतल्या नव्या लोकांना वाटलं असेल. दुर्गा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुर्गा मूळची डिलाईल रोडची. वडील मिलमध्ये साच्यावर कापड विणायला. संप झाला, मिल गेली, तेव्हा ही दहावीत. त्यानंतर वडील रोज पहाटे चालत वाळकेश्वरला जायचे, शेटलोकांच्या गाड्या पुसायला. जन्मभर त्यांनी गाड्यांची दारं पुसली. आत कधी बसले नाहीत. एकदा पाऊस होता म्हणून एका शेटने म्हटलं, बस, सोडतो नाक्यावर. तर हे म्हणाले, नको साहेब, कपडे ओले आहेत, सीट खराब होईल. हे त्यांनी घरी येऊन कौतुकाने सांगितलं. शेट किती चांगला म्हणून. दुर्गाला मात्र त्या रात्री भाकरी गिळेना. गाडी घेईन तर स्वतः चालवीन आणि ओल्या कपड्यांनी बसेन, असं तिने तेव्हाच कुठेतरी आत बांधून ठेवलं.

मग लग्न होऊन गिरगावात आली. पतपेढीत शिपाई म्हणून लागली आणि रात्रीचं कॉलेज करून कारकून झाली. रेशनच्या दुकानदाराला तिने काटा बदलायला लावला, पाणीखात्याच्या साहेबाला चाळीच्या नळाचं पाणी त्याच्याच टेबलावर प्यायला लावलं. बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला, तर ते पेढे तिने त्याच्यादेखत वाटले आणि सही कुठेच केली नाही. यातलं काही तिला कोणी शिकवलं नव्हतं. भांडता भांडता आलं.

फक्त गाडी भांडून येत नाही. ती शिकावी लागते. रिटायर झाल्यावर, लोक तीर्थयात्रेला जातात त्या वयात, दुर्गा ड्रायव्हिंग स्कूलला गेली. नवरा गंगाधर, देवमाणूस, सायकलसुद्धा न येणारा, एवढंच म्हणाला, "अगं, मी शेजारी बसायचं ना? मग हेल्मेट घालू का?"

गाडी आली आणि खरा प्रश्न उभा राहिला: जागा. गिरगावात माणसाला एक वेळ खोली मिळेल, गाडीला जागा नाही. टॉवरवाल्यांच्या गाड्यांना सात सात मजले आणि वाडीवाल्यांच्या गाड्यांना रस्ता, टोईंगवाला आणि नशीब. करंजवाडीच्या अंगणात सहा गाड्या लागायच्या, एकीला एक चिकटून, डब्यातल्या करंज्यांसारख्या. मागची काढायची तर पुढची हलवायला हवी. पुढचा मालक झोपलेला, नाहीतर आंघोळीला. म्हणून वाडीचा कायदा होता. गाडी लावायची ती न्यूट्रलला, चाकं सरळ आणि हँडब्रेक अजिबात नाही. ज्याला बाहेर पडायचं त्याने पुढच्या गाडीला हाताने ढकलावं, आपली काढावी, पुन्हा ढकलून जागेवर ठेवावी. बाहेरच्या माणसाला ऐकून धडकी भरेल, पण वर्षानुवर्षं यावर वाडी चालली होती.

हा कायदा केला ऑस्वाल्ड मिस्किटा यांनी. वाडीच्या तोंडाशी लाकडी जिन्याचं घर आहे, ते यांचं. घैसास, पेडणेकर यायच्या कितीतरी आधीपासून मिस्किटा इथे. ऑस्वाल्ड एका कंपनीच्या मोठ्या साहेबाचे ड्रायव्हर होते, आता पंच्याहत्तरीला टेकलेले. एकदा बापटआजोबांना झटका आला आणि ॲम्ब्युलन्स आत येईना, कारण कोणीतरी हँडब्रेक लावून गाडी ठेवली होती आणि स्वतः लोणावळ्याला गेला होता. आजोबांना खुर्चीत घालून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. वाचले, पण दुसऱ्या दिवशी ऑस्वाल्डनी ब्रश घेतला आणि भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं, 'हँडब्रेक लावू नये. लावणाराची जागा जाईल.' त्यावरून खरंच एकाची जागा गेली.

आणि दुर्गाला गाडी खऱ्या अर्थाने शिकवली तीही याच ऑस्वाल्डनी. स्कूलच्या मास्तरने तिला गाडी थांबली की हँडब्रेक, गाडी थांबली की हँडब्रेक, असं पोपटासारखं पढवलं होतं. ऑस्वाल्डनी ते पुसून काढायला महिना घालवला. "रस्त्यावर हँडब्रेक, अंगणात न्यूट्रल. काय गो दुर्गाबाय? परत बोल." दुर्गा पेडणेकर, जी साहेबाच्या बापाचं ऐकत नाही, ती मान खाली घालून परत बोलायची.

तर आता रघुवीर गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? आमच्या शंतनुची गाडी ठाकूरद्वारच्या रस्त्यावर उभी असते, दोनदा उचलून नेली. तुमच्याकडून आज दाराला लागलं, उद्या एखाद्या पोराला लागेल. येत्या रविवारी मीटिंग आहे, जागेचा विषय घेऊ."

शंतनु म्हणजे त्यांचा पुतण्या. म्हणजे मांजर दुधाकडे बघत होतं, हे दुर्गाने ओळखलं. आणि इथे तिच्या जिभेने तिचा घात केला.

"घ्या की विषय! रविवारी ठोकणाऱ्याला याच अंगणात उभा करते. नाही केला तर जागा तुमच्या शंतनुची. गाडी विकून टाकीन."

दुर्गाने शब्द दिला की तो मागे येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग तिने एकेक गाडीचा बंपर तपासला. ज्यांचे तपासले त्यांचे चेहरे पडले, पण बंपर साफ. ऑस्वाल्डच्या काळ्या फियाटकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ती तिला देवळात जाऊन देवाची झडती घेण्यासारखी गोष्ट वाटली.

गुरुवारी दुपारी गंगाधर खाली आला. एका हातात गरम पाण्याचं पातेलं, दुसऱ्या हातात मोरी तुंबली की वापरायचा रबरी पंप.

"हे काय?"

"मोबाईलवर दाखवलंय. गरम पाणी ओतायचं, पंप चिकटवायचा, ओढायचं. पोचा टक्कन बाहेर."

"पुरावा आहे तो! हात लावू नका!"

"अगं, पुरावा आतूनच बाहेर येईल." आणि त्याने पाणी ओतलं.

पोचा हलला नाही. पंप चिकटला तो निघेना, आणि गंगाधर दोन्ही पाय टायरला लावून ओढत असताना पहिल्या माळ्यावरची नम्रता हसून हसून खाली बसली. पण दुर्गा हसली नाही. कडीच्या खोबणीतून गरम पाण्याबरोबर पांढरा फेस निघत होता. तिने बोट लावलं, नाकाशी नेलं. लवंगेचा वास. टूथपेस्ट.

पोचा बघून चवताळली तेव्हा आणखी एक गोष्ट तिने बघितली होती आणि विसरली होती. सगळ्या गाडीवर रात्रीची धूळ होती, पोच्याभोवती मात्र वीतभर जागा लख्ख. ओरखड्याला टूथपेस्ट चोळून पिवळ्या फडक्याने पुसणारा माणूस वाडीत एकच. त्यानेच तिला शिकवलं होतं, "ओरखडा टूथपेस्टने जातो गो बाय. पोचा नाही जात."

"काय झालं?" गंगाधरने विचारलं. पंप अजून त्याच्या हातात, म्हणजे दाराला.

"काही नाही. तुम्ही ओढा."

ती तडक लाकडी जिना चढली. राग होताच; पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते तिला रागापेक्षा जड जात होतं. ऑस्वाल्ड खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. तिची चाहूल लागताच त्यांनी रेडिओ बंद केला.

"ये. बस गो."

"बसायला नाही आले. अंकल, दार तुम्ही ठोकलं?"

"हो."

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. भांडायला आणलेलं सगळं सामान हातातच राहिलं.

"हो काय हो! चार दिवस मी अंगणात कुत्र्यासारखी भुंकते, तो घैसास मला शिकाऊ म्हणतो, माझी जागा जायची वेळ आली आणि तुम्ही इथे गाणी ऐकताय?"

"पहाटे निघालो," ऑस्वाल्ड म्हणाले. "परळहून बहिणीला, विनीला घ्यायची होती, चर्चला. ती टॅक्सीत नाय बसत, तुला माहीत हाय. टॅक्सीत कोण कोण बसून गेलंय, म्हणते. तुझी गाडी पुढे. ढकलली. नाय हलली. पुन्हा ढकलली. मग खिडकीतून वाकून आत बघितलं."

दुर्गाचा उजवा हात तिच्या कमरेवर होता. डावा हात मात्र आपोआप मूठ वळून वर उचलला गेला, जणू तिथे काही होतं. शनिवारी रात्री माटुंग्याहून लेकीकडून, वैदेहीकडून, ती परतली होती. गाडी लावताना फोन वाजला, वैदेही विचारत होती, पोचलीस का. एका हातात फोन. दुसऱ्या हाताने मास्तरचं पढवलेलं केलं. आणि सकाळी रागाच्या भरात गाडी उन्हात आणताना त्याच हाताने तो काढलाही, तिच्या नकळत.

"हँडब्रेक," ती म्हणाली.

"हँडब्रेक."

"मला हाक मारायची ना, अंकल!"

"तुला हाक मारली असती तर आधी घैसास उठला असता. गॅलरीतच पसरलेला असतो. त्याला कळलं असतं तर तुझी जागा त्याच सकाळी गेली असती. भिंतीवर लिवलंय ना. मीच लिवलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणून म्हटलं, खांब आणि तुझी गाडी, मधून निघते. खांब दिसला. दार नाय दिसलं."

"नाय दिसलं म्हणजे?"

"मोतीबिंदू हाय. जोॲनाला माहीत नाय. पोरीला कळलं तर चावी काढून घेईल. आता मला संत करू नको हां, बाय. अर्धा तुझ्यासाठी गप्प बसलो, अर्धा माझ्यासाठी."

दुर्गा उभी होती ती आता बसली. खालून 'फट्' असा आवाज आला. गंगाधरचा पंप सुटला होता, पोच्याशिवाय.

"माझ्या शब्दाचं काय करू मी?" शेवटी ती म्हणाली.

"ते तू बघ. तुझी जीभ, तुझा शब्द."

रविवारी संध्याकाळी अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. शंतनु गाडीची चावी बोटात फिरवत मागे उभा होता. बिचारा वाईट नव्हता, काका तसा होता. रघुवीरनी घसा साफ केला.

"वहिनी, सापडला का तुमचा चोर?"

दुर्गा उठली. एरवी ती बोलते ते रस्त्यावरच्या बसला ऐकू जातं. आज पुढच्या खुर्च्यांनाही कान द्यावे लागले.

"ठोकणारा कोण ते मला कळलंय. नाव सांगणार नाही. कारण त्या पहाटे माझी गाडी ढकलून हलत नव्हती. मी हँडब्रेक लावला होता."

कोणीतरी "आईशप्पत" म्हणालं. गंगाधरने डोळे मिटून घेतले.

"भिंतीवर लिहिलंय ते सगळ्यांसाठी आहे. एकाची जागा घेतली तेव्हा मीच मोठ्याने 'बरोबर आहे' म्हणाले होते. माझीही घ्या. पण शिकाऊ म्हणून नाही, घैसास. चूक केली म्हणून. आणि माणूस उभा करते म्हटलं होतं, तो केला नाही, त्याचीही हीच शिक्षा धरा."

"म्हणजे नाव सांगायचंच नाही?" रघुवीर म्हणाले. जागा हातात आली होती, तरी त्यांना गंमत अपुरी वाटत होती.

"का सांगायचं नाय?" मागून आवाज आला. ऑस्वाल्ड काठी आपटत पुढे येत होते, चेहरा लाल. "मी! मी ठोकली! ही मला वाचवणार? हिला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते मी शिकवलं, आणि ही मला पदराखाली घेणार?"

"अंकल, तुम्ही खाली बसा!"

"तू खाली बस! हँडब्रेक कशाला सांगितलास? मी चार दिवस दाबून ठेवलं, आणि तू मीटिंगमध्ये स्पीच देतेस!"

"माझा हँडब्रेक आहे, मी सांगेन!"

"आणि माझा बंपर हाय!"

आपापली चूक दुसऱ्याला द्यायला तयार नसलेली दोन माणसं करंजवाडीने प्रथमच बघितली. नम्रता तोंडात पदर कोंबून हसत होती. रघुवीर टेबल वाजवत होते, कोणी ऐकत नव्हतं.

शेवटी ऑस्वाल्डनीच हात वर केला. दम लागला होता.

"लिव घैसास. हँडब्रेक लावला, दुर्गाबायची जागा गेली. कायदा म्हणजे कायदा. मला आता दिसत नाय नीट. जोॲनाला मी काल सांगितलं. फियाट ती वसईला घेऊन जाते, तिथे अंगणात मुलं खेळतील गाडीत. म्हणजे माझी जागा झाली रिकामी. माझी जागा कमिटीची नाय, घरासोबतची हाय. तिथे मी कोणाची गाडी लावायची ते मी ठरवणार. मी ठरवलं."

"पण—" रघुवीर म्हणाले.

"शंतनुला जागा मिळाली ना? मग पण काय?"

शंतनु मागून म्हणाला, "काका, पुरे ना आता." आणि मीटिंग संपली.

दुर्गा मात्र खुर्चीतून उठली नाही. फियाटमध्ये बसवलेला मेरीचा छोटा पुतळा तेवढा ऑस्वाल्डनी काढून घेतला आणि तिच्या हातात ठेवला. "डॅशबोर्डवर लाव. गणपतीच्या बाजूला. भांडायचे नायत."

पोचा तिने काढून घ्यायचं ठरवलं होतं. परळच्या गॅरेजवाल्याशी बोलणंही झालं. पण त्याआधी पुढचा रविवार आला.

त्या पहाटे पांढरी गाडी लाकडी जिन्यापुढे उभी राहिली. ऑस्वाल्ड कोट घालून उतरले, डावं दार उघडलं. ते आता उघडताना कुरकुरायचं. आत बसून त्यांनी दार लावलं, लागलं नाही. पुन्हा आपटलं, तेव्हा लागलं. दुर्गा समोर बघत राहिली. ऑस्वाल्डनीही समोर बघितलं. लालबागचा पूल उतरेपर्यंत "गिअर", "गिअर बदल गो", "बाईकवाला, बाईकवाला" एवढंच काय ते बोलणं.

परळला विनी, म्हणजे विनिफ्रेड, फाटकाशी उभी होती, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात जपमाळ, वय ऐंशीच्या पुढे आणि नजर भावापेक्षा चांगली. मागे बसायच्या आधी ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"चांगली हाय गाडी," ती म्हणाली. "दार कोणी ठोकलं गो?"

ऑस्वाल्डना एकदम खिडकीबाहेरचा पिंपळ फार बघण्यासारखा वाटायला लागला.

"होता एक गाढव, आंटी," दुर्गा म्हणाली.

"मग? सोडलास त्याला? तू तर फार भांडतेस, ऑसी सांगतो."

"सोडते कसली. शेजारी बसवलाय."

विनिफ्रेडने मागून भावाच्या डोक्याकडे बघितलं, आणि चर्च येईपर्यंत तिची जपमाळ हसण्याने हलत राहिली.

परत आल्यावर दुर्गाने गाडी मिस्किटांच्या जागेत सरळ घातली. न्यूट्रल. डावा हात खाली गेला, दांड्यावर टेकला. शेजारी ऑस्वाल्ड नुसते खाकरले.

हात वर आला.

"लावत नव्हते," ती म्हणाली.

"मी कुठे काय बोललो?"